रुमाल, रजिस्टर आणि डेटाबेस : आपल्या दाखल्याची गोष्ट

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्या भागात सातबाऱ्याच्या खालोखाल महत्त्वाचा कागद आहे. दहावीनंतर तो आपण प्रत्येकाने एकदा हातात घेतला, त्याच्या झेरॉक्स काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि मग पुढची पंचवीस-तीस वर्षे कुठल्या ना कुठल्या खिडकीवर तो दाखवत राहिलो. कॉलेजचा प्रवेश, जातीचा दाखला, पडताळणी, नोकरी, आणि आता मुलांचे दाखले. स्मरणिकेच्या समितीने "तू संगणकवाला, संगणकावर काहीतरी लिही" असे फर्मावले तेव्हा मला हाच कागद आठवला. माझ्या व्यवसायातली बरीच वर्षे कागद संगणकात कसे ठेवायचे याच कामात गेली, आणि त्या कामातले जवळजवळ सगळे प्रश्न या एका कागदात सापडतात. शिवाय आपल्या सर आणि बाई मंडळींपैकी अनेकांनी हे दाखले स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. त्यांना यातले काही मी सांगायचे म्हणजे धाडसच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दाखला हा मूळ कागद नव्हे. मूळ कागद शाळेच्या कपाटात असतो. त्याचे नाव जनरल रजिस्टर. लांबट, जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठ असलेले. त्यात अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. दाखला म्हणजे या ओळीचा उतारा. म्हणूनच त्याच्या तळाशी छापलेले असते की वरील माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. सातबाराही तसाच : गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नोंदवह्यांमधला उतारा. आपल्याकडे लोक 'उतारा' हा शब्द रोज वापरतात, पण संगणकवाल्यांना तो समजायला फार वेळ लागला. त्याबद्दल पुढे.

रजिस्टरमधली ओळ एकदा लिहिली की मुख्याध्यापकही ती आपल्या मर्जीने बदलू शकत नाहीत. दुरुस्तीला शिक्षण खात्याची परवानगी लागते, आणि दुरुस्ती झाली तरी जुने खोडून टाकायचे नसते. लाल शाईने, जुने वाचता येईल असे ठेवून, वर आदेशाचा क्रमांक लिहायचा. डेटाबेस शिकवताना आम्हाला जे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, की नोंद पुसू नका, तिचा इतिहास ठेवा, ते आपल्या शाळेच्या कारकुनाला आधीपासून ठाऊक होते.

हे एवढे महत्त्वाचे का, हे आपल्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांना सांगायला नको. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख मानली जाते, कारण त्या दिवशी जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. आजोबा-पणजोबांचा त्या तारखेपूर्वीचा कागद हवा. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी जमातीच्या दाव्याच्या एका खटल्यात पडताळणी समित्या आणि दक्षता पथके यांची चौकट घालून दिली. महाराष्ट्राचा याविषयीचा कायदा २००० सालचा, आणि तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. पुढे २०११ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना पुरावा म्हणून जास्त वजन द्यायला हवे. म्हणजे काय झाले? तर ज्या गुरुजींनी १९४० च्या आसपास शाळेच्या वहीत एका मुलाच्या नावापुढे जातीच्या रकान्यात दोन शब्द लिहिले, त्या दोन शब्दांवर आज त्याच्या पणतीचा मेडिकलचा प्रवेश उभा राहतो किंवा पडतो. दक्षता पथकाचे लोक शाळेत येतात ते दाखला पाहायला नाही, ते रजिस्टर पाहायला.

आणि जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे? वारली, वार्ली, वारलि. कोकणा, कोकना, कुकणा. ठाकूर, ठाकर, म ठाकूर, क ठाकूर. काथोडी, कातकरी. कुठे नुसतेच 'कोळी', कुठे 'म. कोळी' आणि कुठे 'म.को.'. त्या वेळी लिहिणाऱ्याला याचे काही वाटले नसेल. समोर उभ्या बापाने सांगितले, गुरुजींनी ऐकले तसे लिहिले. मलाही माणसाच्या डोळ्याने ती यादी वाचताना अडचण येत नाही. पण संगणकाला 'वारली' शोधायला सांगितले तर तो 'वार्ली' दाखवत नाही. नुसत्या 'कोळी' आणि 'महादेव कोळी' यांतला फरक तर माणसालाही ठरवता येत नाही, त्यासाठी समिती बसते.

याला आपल्या जव्हारचा एक खास पीळ आहे. आपले गाव मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि आपण ठाणे जिल्ह्यात आलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि आपण तिकडे गेलो. मधल्या काळात विक्रमगड हा वेगळा तालुका झाला, तेव्हा आपल्या तालुक्यातली काही गावे तिकडे गेली. त्यामुळे एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या दाखल्यांवर जन्मस्थळ तीन प्रकारे असू शकते : जव्हार संस्थान, जिल्हा ठाणे, जिल्हा पालघर. घर तेच, अंगणातले मोहाचे झाडही तेच. आता एखाद्या खिडकीवरचा नवा कारकून विचारतो, "तुमचे आजोबा दुसऱ्या जिल्ह्यातले कसे?" हा विनोद नाही, आपल्यातल्या काहींनी हे उत्तर लेखी दिले आहे.

कागद जपण्याची आपली परंपरा जुनी आहे. पेशवाईत कागद कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत, आणि त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. तेही कशाला, तर कागद असून सापडत नव्हते म्हणून. दप्तरात कागद असणे आणि तो हवा तेव्हा हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी. इंग्रजी अमलात महसुली नमुने ठरले, गाव नमुन्यांना क्रमांक मिळाले, कागदांची वर्गवारी झाली : कायम ठेवायचे कोणते, तीस वर्षे कोणते, वर्षात फाडायचे कोणते. पुढे सगळे साचत गेले. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ते साचलेले उपसले. निरुपयोगी कागद नियमाप्रमाणे नष्ट केले, उरलेले वर्गवारी करून रॅकवर लावले, कारकुनांच्या बसण्याची मांडणी बदलली, आलेल्या माणसाला कुठे जायचे ते कळेल असे केले. त्याला 'लखिना पॅटर्न' नाव पडले आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. त्यात संगणक नव्हता. मला नेहमी वाटते की आमच्या क्षेत्रातल्या नव्या मुलांना आधी लखिना पॅटर्न शिकवावा आणि मग डेटाबेस.

संगणकावर मराठी आले त्याचीही एक गोष्ट आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यात घडला. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र तयार झाले ते 'जिस्ट' या नावाने १९८० च्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सुरुवातीला ते एक कार्ड होते, संगणकाच्या पोटात बसवायचे. ते बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे 'इस्की' नावाची सांकेतिक पद्धत होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिची खुबी अशी की संगणकाच्या आत 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जाई. त्यामुळे शोधता येई, क्रम लावता येई.

मग विंडोज आले आणि आपण दोन पावले मागे गेलो. डीटीपीवाल्यांना छपाईला सुंदर अक्षर हवे होते, तेव्हा टंकांचा सुकाळ झाला. सी-डॅकचे सुरेख, योगेश, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, इतरांचे आणखी. हे टंक दिसायला देखणे, पण त्यांची युक्ती अशी होती की आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक जागा वापरायची आणि वरून देवनागरीचे चित्र चढवायचे. म्हणजे पडद्यावर 'जव्हार' दिसते, पण आत भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे बसलेली असतात. टंक आहे तोवर ठीक. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो टंक नसला, की लग्नपत्रिकेचा मजकूर शिव्यांसारखा दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. छपाईपुरते हे चालून जाते. डेटाबेससाठी हे विष आहे. एका तालुक्यात योगेश, शेजारच्या तालुक्यात श्रीलिपी, तिसऱ्यात आणखी काही, आणि मग कोणी तरी म्हणते, "सगळी माहिती एकत्र करा." तीच नावे, तिन्हीकडे आतून वेगवेगळी.

यातून सुटका युनिकोडने केली. युनिकोडमधली देवनागरी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे हा घरचाच पाहुणा परत आला म्हणायला हरकत नाही. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा टंक आला. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला, मुंबईचे सुलेखनकार आणि मराठी कवी. पण विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागे आणि मग ती सीडी मागे. सीडी कुणाकडेच नसे. जव्हारला एखाद्या कार्यालयात युनिकोड पोचायला जी काही वर्षे लागली त्यातली निम्मी या एका सीडीने खाल्ली असे मी गमतीने म्हणतो, पण ते फार खोटे नाही. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांचे टंक आणि ओपनऑफिस असलेल्या सीडी मोफत वाटायला सुरुवात केली, त्याने थोडे हलके झाले.

आता मुख्य मुद्दा. शाळेच्या किंवा तहसीलच्या कार्यालयात रोज जे काम होते ते वर्डमध्ये किंवा त्यासारख्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये. कारकुनाला वर्ड येतो, डेटाबेस येत नाही, आणि यायची गरजही नाही. माहिती मात्र डेटाबेसमध्ये हवी. या दोघांची गाठ घालण्याचा पहिला मार्ग म्हणजे मेल मर्ज. दाखल्याचा कोरा नमुना तयार करायचा, त्यात नाव, तारीख, जात यांच्या जागा सोडायच्या, आणि एका तक्त्यातून एकेक ओळ उचलून त्या जागा भरायच्या. शंभर दाखले दहा मिनिटांत. हे बहुतेक शाळांनी केले आणि त्यावर खूश झाल्या.

पण विचार करा. २००४ साली दिलेल्या दाखल्याची दुसरी प्रत २०१६ साली कोणी मागितली. तक्त्यात माहिती आहे, नमुना आहे, बटण दाबले, दाखला बाहेर. वर काय छापले? 'जिल्हा पालघर'. कारण मधल्या काळात कोणी तरी नमुन्यातले 'ठाणे' बदलून 'पालघर' केले. खाली मुख्याध्यापकांचे नाव आत्ताच्या. नमुन्यात आणखी दोन रकाने वाढलेले. थोडक्यात, हा २००४ चा दाखला नाहीच. पडताळणी समितीपुढे दोन प्रती आल्या, एक पेटीतली पिवळी आणि एक नवी, आणि दोन्हींत जिल्हा वेगळा, तर संशय कोणावर येणार? पणतीवर.

म्हणून माहिती ठेवणे आणि दस्तऐवज ठेवणे ही दोन कामे आहेत. रजिस्टरची ओळ ही माहिती. त्या दिवशी सहीसाठी जो कागद गेला तो दस्तऐवज. दोन्ही हवेत, आणि दुसरा जसा होता तसाच हवा.

एका संस्थेसाठी आम्ही हे केले त्याचे तांत्रिक वर्णन मी थोडक्यात देतो. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, वर्गात सोडायचा तसा. आम्ही ओपनऑफिस घेतले. हे सॉफ्टवेअर मूळ जर्मनीतले, स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीचे. १९९९ मध्ये सन कंपनीने ती कंपनी विकत घेतली, २००० मध्ये सॉफ्टवेअरचे स्रोत खुले केले. २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळे झाले. यात 'युनो' नावाची सोय आहे, तिच्यामुळे बाहेरून किंवा मॅक्रोमधून या सॉफ्टवेअरला हुकूम देता येतात : नमुना उघड, ही जागा भर, छाप, जतन कर. नेहमी जतन म्हणजे डिस्कवर फाइल. पण युनोला फाइलच्या पत्त्याऐवजी 'प्रवाह' देता येतो. मग तो दस्तऐवज डिस्कवर न उतरता बाइटच्या धारेने आपल्या हातात येतो, आणि ती धार आपण थेट डेटाबेसच्या एका रकान्यात सोडायची. उघडताना उलटे. कारकून नेहमीप्रमाणे लिहितो आणि 'दाखला जतन करा' असे बटण दाबतो. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली, तिला नाव काय दिले, 'नवीन दाखला फायनल २' कोणता, हे प्रश्नच उरत नाहीत. दाखला रजिस्टर क्रमांकाच्या ओळीला बांधलेला राहतो. रुमालात बांधल्यासारखा.

ज्या रकान्यात असा मजकूर ठेवतात त्याला ब्लॉब म्हणतात. याची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. आमच्या आधी कोणी तरी त्याच संस्थेत असाच प्रयोग केला होता, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसवर. त्यातला साधा ब्लॉब ६५,५३५ बाइटचा असतो, म्हणजे चौसष्ट केबी. मोठा हवा तर 'मीडियमब्लॉब' सोळा एमबीचा, 'लाँगब्लॉब' चार जीबीचा. रकाना ठरवताना दाखला नुसता मजकुराचा होता, दहा-बारा केबीचा. पुढे कोणी दाखल्यावर संस्थेचे स्कॅन केलेले बोधचिन्ह टाकले आणि तो नव्वद केबीचा झाला. त्या काळी मायएसक्यूएलच्या साध्या मांडणीत जास्तीचे बाइट आले की तो तक्रार न करता पुढचे कापून टाके. एक इशारा देई, पण तो कोणी वाचत नसे. ओपनऑफिसची फाइल म्हणजे खरे तर एक झिप गठ्ठा असतो. आत मजकुराची, शैलींची, माहितीची वेगवेगळी पाने आणि सगळ्यांची अनुक्रमणिका शेवटी. शेपूट कापले की अनुक्रमणिकाच गेली. फाइल उघडेना. जतन करताना सगळे व्यवस्थित दिसले होते, आणि कळले ते कित्येक महिन्यांनी, एका मुलीला दुसरी प्रत हवी होती तेव्हा. सुदैवाने आत पानांचे तुकडे शिल्लक असतात, त्यातून मजकूर वाचवता आला. आणि जनरल रजिस्टर कपाटात होतेच.

दुसरी अडचण विजेची. ओपनऑफिससोबत 'बेस' नावाचा छोटा डेटाबेस येतो, तो चालवायला सोपा, पण तोही सगळा एका झिप गठ्ठ्यात बसतो आणि काम चालू असताना स्मृतीत राहतो. जुलैमध्ये जव्हारला लाइट किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. गठ्ठा बांधायच्या आत लाइट गेली की दिवसाचे काम गेले. म्हणून डेटाबेस वेगळा ठेवायचा, त्याला बॅटरी द्यायची, आणि रोज संध्याकाळी प्रत दुसऱ्या गावी न्यायची. पेनड्राइव्हवर, एसटीने. नेटवर्कने म्हणाल तर तेव्हा ते सनसेट पॉइंटच्या कठड्यावर उभे राहिल्यावर मिळे.

मोठे दस्तऐवज डेटाबेसमध्ये ठेवावेत की बाहेर फाइल म्हणून, यावर जगभर वाद झाला आहे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी, त्यात जिम ग्रे हे डेटाबेसमधले मोठे नाव होते, मोजून पाहिले. त्यांच्या मोजणीत २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, एक एमबीपेक्षा मोठ्या फाइल म्हणून बऱ्या, मधल्यांचे परिस्थितीवर. आपला दाखला लहान. रजिस्टरच्या पानाचा स्वच्छ फोटो मोठा. म्हणजे दाखला आत आणि रजिस्टरचा फोटो बाहेर, एवढा साधा निर्णय झाला.

सरकारी पातळीवर हीच वाट फार मोठ्या प्रमाणावर चालली गेली. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचा वर्धा होता. तिथून डिजिटल सहीचा सातबारा यायला १ मे २०१८ उजाडला. तीस वर्षे! लोक सरकारला हसतात, मी हसत नाही. गावागावातल्या हस्तलिखित ओळी, त्यावरचे फेरफार, आणि वर सांगितलेली टंकांची भानगड, हे ज्याने एकदा हाताळले आहे तो हसणार नाही. शाळांसाठी २०१५ मध्ये 'सरल' आले, आणि रात्री दोनला उठून माहिती भरणारे शिक्षक आपल्या ओळखीत आहेत, कारण तेव्हाच सर्व्हर मोकळा असे. त्याच वर्षी डिजिलॉकरही आले. हे सगळे चांगलेच आहे. फक्त एक लक्षात घ्या, की 'सरल'मध्ये आहे ती माहिती. ती आजच्या मुलांची आहे. १९६८ साली आपल्या शाळेत चौथी करून शेतावर गेलेल्या माणसाची ओळ तिथे नाही. ती कपाटातच आहे.

एक छोटी गंमत सांगून पुढे जातो. आमच्या यादीत संगणकाने नावे लावली तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी ती पाहून विचारले, "हा 'ळ' इथे मध्येच कसा आला?" युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष, म्हणून तो क मध्ये जातो. त्याला मराठीचा नियम वेगळा सांगावा लागतो. आम्ही तिघे पदवीधर त्या यादीकडे आठवडाभर पाहत होतो, गुरुजींनी ती अर्ध्या मिनिटात पकडली.

राहिला प्रश्न आपल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांचा. समितीच्या बैठकीत हा विषय निघाला आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. मेळाव्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, सर्व जुन्या रजिस्टरांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायचा असे ठरले आहे. रजिस्टर शाळेच्या बाहेर जाणार नाही. फोटो काढताना शाळेचा एक माणूस हजर राहील. टाइप करून तक्ता बनवायचा तो नंतर, आणि त्यात जातीच्या रकान्यात जसे लिहिले आहे तसेच लिहायचे : 'म.को.' असेल तर 'म.को.'च. आपण सुधारायचे नाही, विस्तार करायचा नाही, अगदी शुद्धलेखनही नाही. शोधण्यासाठी वेगळा रकाना ठेवू, त्यात 'वारली' आणि 'वार्ली' एकत्र येतील. जन्मस्थळही असेल तसेच, 'जव्हार संस्थान' असेल तर तसे.

सर्वांत जुन्या वहीची काही पाने मोडीत आहेत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, आपल्याला पालघर जिल्हा मिळाला त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात. म्हणजे संगणक आता मोडी साठवू शकतो, पण ती वाचायला माणूस हवा. आपल्या माजी शिक्षकांपैकी, किंवा तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी, कोणाला मोडी वाचता येत असेल तर मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावे. पाने पंचेचाळीस आहेत. दुपारची दोन-तीन सत्रे पुरतील, चहाची सोय समिती करेल.